दोन कोपरे छाटलेला चौकोन

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जीपीएस मॉड्यूल मागितले, की काउंटरवर दोन वस्तू येतात. एक छोटा सर्किट बोर्ड आणि बारीक वायरने त्याला जोडलेला एक पांढुरका चौकोनी तुकडा. तुकडा फरशीच्या ठिकरीसारखा दिसतो. बहुधा २५ मिमी लांब, तेवढाच रुंद आणि सुमारे ४ मिमी जाड. वरच्या अंगावर चांदीचा पातळ थर असतो. नीट निरखले तर सोल्डरचा टाका बरोबर मधोमध नसून थोडा बाजूला सरकलेला दिसतो. कित्येक तुकड्यांत तर चांदीच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे तिरके छाटलेले असतात.

ही छाटणी मुद्दाम केलेली असते. टॅक्सी, ट्रक, मच्छीमार बोट किंवा ड्रोन नकाशावर नेमके कुठे दिसेल, हे पुष्कळ अंशी तिच्यावर ठरते.

हा तुकडा म्हणजे अँटेना. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवत असतात. तो जमिनीवर पोचतो तेव्हा अँटेनाच्या हाती लागणारी शक्ती साधारण एका वॉटचा एक कोटी अब्जावा भाग एवढीच उरलेली असते. इतक्या तुटपुंज्या कमाईतला अर्धा वाटा नुसत्या चुकीच्या आकारामुळे घालवणे परवडत नाही. म्हणून अँटेनाने लहरीचा स्वभाव ओळखून तिला सामोरे जावे लागते.

रेडिओलहरीत विद्युतक्षेत्र सतत डोलत असते. ते एकाच रेषेत डोलत असेल, म्हणजे उभे किंवा आडवे, तर त्याला रेषीय ध्रुवण म्हणतात. घरावर डीटीएचची छत्री बसवायला आलेला कारागीर शेवटी छत्रीसमोरचा एलएनबी हा ग्राहक हाताने किंचित फिरवून सिग्नल पाहतो, तेव्हा तो ही रेषाच जुळवत असतो. छत्री एकदा बसली की जागची हलत नाही, म्हणून तिथे हे चालते. गाडी मात्र वळते, बोट डुलते, ड्रोन कलतो. पाठवणारी रेषा उभी आणि घेणारी आडवी झाली, तर सिद्धान्ताप्रमाणे हाती काहीच लागत नाही.

वर्तुळाकार ध्रुवणात विद्युतक्षेत्राचा बाण पुढे सरकता सरकता स्वतःभोवती फिरत असतो, स्क्रूच्या आट्यांसारखा. अशा लहरीपुढे घेणारा अँटेना कसाही कलला तरी फरक पडत नाही, कारण बाण दर फेऱ्यात प्रत्येक दिशेला एकदा येऊनच जातो. थ्रीडी सिनेमाच्या अनेक चष्म्यांत हेच तत्त्व प्रकाशासाठी वापरलेले असते. म्हणूनच प्रेक्षकाने मान वाकडी केली तरी डाव्या डोळ्याचे चित्र उजव्या डोळ्यात शिरत नाही.

उपग्रहांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. वरून येणारी लहर आयनावरणातून जाते. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीचे चुंबकत्व मिळून रेषीय लहरीची रेषा पिळतात. याला फॅरेडे परिवलन म्हणतात. वारंवारता दुप्पट केली की हा पीळ चौथाईवर येतो, त्यामुळे डीटीएचच्या उंच पट्ट्यात तो जाणवत नाही. पण दीड गिगाहर्ट्झच्या आसपास आयनावरण खवळलेले असताना तो बराच मोठा होऊ शकतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला आयनावरणाचा जो दाट पट्टा असतो, तो मध्य आणि पश्चिम भारतावरूनच जातो, त्यामुळे आपल्याकडे हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. फिरणाऱ्या लहरीला असा पीळ बसला तरी ती फिरतच राहते. घेणाऱ्याचे काही बिघडत नाही.

मात्र आट्यांना दिशा असते. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनच्या टाकीचे आटे सुलटे आणि अ‍ॅसिटिलीनच्या टाकीचे उलटे ठेवलेले असतात, ते एकाची जोडणी दुसऱ्याला चुकून बसू नये म्हणून. वर्तुळाकार लहरीचेही तसेच आहे. उजव्या फिरकीच्या लहरीसाठी बनवलेला अँटेना डाव्या फिरकीच्या लहरीला दारातच अडवतो. जीपीएसने आणि नाविक या भारताच्या तशाच उपग्रहयंत्रणेने उजवी फिरकी निवडली आहे. अंगठा लहर जाते त्या दिशेला धरला आणि उजव्या हाताची बोटे जिकडे वळतात तिकडे बाण फिरत असला, तर ती उजवी फिरकी, ही विद्युत अभियंत्यांची व्याख्या. प्रकाशशास्त्राच्या अनेक पुस्तकांत लहरीकडे समोरून पाहतात, त्यामुळे तिथे डावे-उजवे नेमके उलटे होते.

या उलटसुलट व्याख्येची किंमत १९६२ साली ब्रिटनने मोजली. १० जुलैला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अमेरिकेतून अवकाशात गेला आणि त्याच रात्री अटलांटिकपलीकडून दूरचित्रवाणीचे चित्र झेलण्यासाठी युरोपातली दोन केंद्रे सज्ज झाली. फ्रान्सच्या प्लमर-बोदू केंद्रात चित्र स्वच्छ उमटले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील गूनहिली केंद्राची २६ मीटर व्यासाची थाळी बरोबर उपग्रहाकडे रोखलेली होती, तरी पडद्यावर जेमतेम काहीतरी हलताना दिसत होते. शोध घेतल्यावर कळले, की फिरकीच्या व्याख्येतल्या संदिग्धतेमुळे तिथल्या अँटेनाची फिरकी उलटी ठेवली गेली होती. दुरुस्ती किरकोळ होती. ती होताच पुढच्या रात्री गूनहिलीतही चित्र उत्तम आले. आजही अँटेनाच्या वर्गात डावे-उजवे शिकवताना हा प्रसंग सांगावा, इतका तो मोलाचा आहे.

शहरात मात्र हीच फिरकी आपल्या बाजूने उभी राहते. इमारतीच्या काचेवर किंवा पत्र्यावर लहर आपटून परतली की तिची फिरकी बहुतेक वेळा उलटते, आरशात उजवा हात डावा दिसावा तशी. सरळ आलेली लहर उजवी, भिंतीवरून उसळून आलेली डावी. उजव्या फिरकीचा चांगला अँटेना या उसळून आलेल्या लहरीला आपोआप बाजूला सारतो. गाडी एका रस्त्यावर असताना नकाशावर शेजारच्या रस्त्यावर दिसते, त्यामागे अनेकदा अशीच लांबून वळसा घालून आलेली लहर असते. दोनदा आपटलेली लहर पुन्हा उजवी होते आणि निसटून आत शिरते, तेवढे मान्य करावे लागते.

रेडिओलहरींच्या ध्रुवणाचा इतिहास भारतात फार लवकर सुरू होतो. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस १८९०च्या दशकात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते. त्यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून लहरीची रेषा निवडणारी गाळणी केली. तागाच्या जुड्या पिळून त्यातून लहर पाठवली आणि १८९८ साली दाखवून दिले, की पीळ ज्या बाजूचा त्या बाजूला लहरीची रेषा वळते. ताग बंगालमधला, लहरी घरी बनवलेल्या यंत्रातल्या. फिरकी असलेल्या रचनेतून लहर फिरवता येते, ही कल्पना त्या प्रयोगात उघड्या डोळ्यांना दिसते.

पुढे १९४६ साली अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात जॉन क्राउस यांनी एका पाहुण्या व्याख्यात्याला विचारले, की तारेचे वेटोळे अँटेना म्हणून चालेल का? उत्तर ‘नाही’ असे आले. क्राउस यांनी घराच्या तळघरात सात वेढ्यांचे वेटोळे करून पाहिले आणि त्याच्या टोकातून वर्तुळाकार ध्रुवणाचा नेमका झोत निघाला. हा हेलिकल अँटेना पुढे अनेक उपग्रहांवर गेला. त्याची अडचण एकच, तो उंच असतो. गाडीच्या टपावर, ड्रोनच्या पाठीवर किंवा क्षेपणास्त्राच्या गुळगुळीत अंगावर स्प्रिंगसारखे वेटोळे उभे करणे सोयीचे नसते.

छापील अँटेना इथे उपयोगी पडला. खाली धातूचा पत्रा, मध्ये वीज न वाहणारा थर आणि वर तांब्याचा ठरावीक मापाचा ठिगळासारखा तुकडा, एवढीच त्याची रचना. म्हणूनच इंग्रजीत त्याला पॅच म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रूढ आहे. १९५३ साली जॉर्ज देशां यांनी ही कल्पना मांडली, पण चांगले, कमी गळतीचे थर मिळू लागल्यावर १९७०च्या दशकात रॉबर्ट मन्सन आणि जॉन हॉवेल यांच्या कामातून पॅच खऱ्या अर्थाने वापरात आला. सर्किट बोर्डावर तांबे जसे कोरतात तसाच तो कोरता येतो. मोठ्या संख्येने, स्वस्तात, एकाच मापाचा.

आता त्या छाटलेल्या कोपऱ्यांकडे परत यायला हवे. तुळईला लांब दोरीने दगड टांगावा. पूर्व-पश्चिम ढकलला तर तो एका रेषेत झुलेल. या झोक्यात तो मधोमध असेल त्या क्षणी उत्तर-दक्षिण झोक्याच्या एका टोकाला पोचलेला असावा, असा तेवढ्याच जोराचा दुसरा झोका त्याला मिळाला, म्हणजे दोन झोक्यांत पाव फेऱ्याचे अंतर राहिले, तर दगड रेषा सोडून गोल फिरू लागतो. वर्तुळाकार ध्रुवण म्हणजे हेच. एकमेकांना काटकोनात असलेली, सारख्या ताकदीची दोन डोलणी आणि त्यांच्यात ९० अंशांचे अंतर. चौकोनी पॅचवर विजेचे असे दोन झोके सहज उठवता येतात.

सरळ मार्ग असा, की चौकोनाला दोन लगतच्या बाजूंनी दोन वायरी द्याव्यात आणि एका वायरीतला संदेश पाव फेरा उशिरा पोचवावा. हा मार्ग भरवशाचा आहे, पण संदेश वाटून देणारे वेगळे सर्किट लागते, त्याला जागा लागते, आणि खिशातल्या यंत्रात जागाच नसते.

दुसऱ्या मार्गात वायर एकच. इथे झोपाळा आठवावा. झोपाळ्याला स्वतःची लय असते. त्या लयीपेक्षा किंचित सावकाश ढकलत राहिले तर झोपाळा हाताच्या थोडा पुढे चालतो. किंचित घाईने ढकलले तर मागे पडतो. पॅचचे समोरासमोरचे दोन कोपरे छाटले, की त्या कर्णावरची लांबी कमी होते आणि त्या दिशेची लय जलद होते. दुसरा कर्ण तसाच राहतो, त्याची लय तुलनेने संथ. आता या दोन लयींच्या बरोबर मधल्या वारंवारतेने पॅच हलवला, तर एक झोका ४५ अंश पुढे आणि दुसरा ४५ अंश मागे राहतो. दोघांतले अंतर ९० अंश. काही न जोडता, फक्त कात्री लावून लहर फिरू लागते. मुद्रित अँटेनाच्या विद्येत याहून देखणी युक्ती क्वचितच सापडेल.

किती छाटायचे, हा खरा प्रश्न. सर्किट बोर्डासाठी सर्रास वापरतात त्या एफआर-४ या काचतंतूच्या पत्र्यावर, १.६ मिमी जाडीत, जीपीएसचा पॅच करायचा झाला तर चौकोनाची बाजू साधारण ४५ मिमी येते. मोकळ्या हवेत या लहरीची लांबी १९० मिमी आणि तिची निम्मी ९५ मिमी. पत्र्याच्या आत लहर आखडते, म्हणून ती निम्म्याहूनही खाली येते. लय किती तीव्र आहे ते पाहून छाटायचे क्षेत्रफळ ठरते, आणि अशा पत्र्यावर ते एकूण चौकोनाच्या दोन टक्क्यांच्या आत असते. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा त्रिकोण. कमी छाटले तर लहर रेषेकडे झुकते, जास्त छाटले तर दोन लयी एकमेकींपासून फुटून निघतात. दोन्हीकडे वर्तुळ चेपून अंडाकृती होते.

हा चेपटेपणा मोजायला अ‍ॅक्सिअल रेशो नावाचे माप आहे. निर्दोष वर्तुळाला ते शून्य डेसिबल, आणि व्यवहारात तीन डेसिबलपर्यंत अँटेना वर्तुळाकार मानतात. एका वायरीच्या पॅचमध्ये हे गोलपण टिकते तो पट्टा फार अरुंद असतो, एक-दोन टक्क्यांच्या आसपास. त्यात मालाचा दर्जा आडवा येतो. लहर किती आखडेल हे ठरवणारा एफआर-४ चा विद्युत गुणांक एका बॅचमध्ये ४.२, दुसरीत ४.६ असा हलू शकतो. त्या फरकाने मधली वारंवारता दोन्ही बाजूंना पस्तीस-चाळीस मेगाहर्ट्झ सरकते, आणि गोलपणाचा पट्टा मात्र वीसेक मेगाहर्ट्झचाच. संगणकावर अचूक बसलेले डिझाइन छापून आले की चालत नाही, याचे सगळ्यात सामान्य कारण हेच. शिवाय एफआर-४ शक्तीही बरीच गिळतो. ज्याला मिळालेल्या कणाकणाची गरज आहे त्याने हा पत्रा केवळ सरावासाठी वापरावा, असे स्पष्ट सांगायला हवे.

फरशीच्या ठिकरीसारखा तो सिरॅमिक तुकडा या अडचणीचे एक उत्तर आहे. त्याचा गुणांक २० च्या आसपास असतो, म्हणून ४५ मिमीचा चौकोन आखडून २१-२२ मिमीचा होतो, आणि गळतीही कमी. पण आकार आखडला की पट्टाही आखडतो आणि चूक महाग पडते. एवढ्याशा चौकोनात एक दशांश मिलिमीटरचा फरक वारंवारता सात-आठ मेगाहर्ट्झ हलवतो. म्हणून कारखान्यात चांदीच्या कडा घासून एकेक तुकडा जुळवतात. उलट टोकाला जाऊन पॅचखाली हवेची पोकळी ठेवली किंवा एका पॅचवर दुसरा रचला, तर पट्टा रुंदावतो आणि जाडी वाढते. लहान, रुंद पट्ट्याचा आणि कार्यक्षम, या तिन्ही गोष्टी एकाच अँटेनात एकदम मिळत नाहीत.

पॅचचा हा अरुंद पट्टा रुंदावण्याच्या विद्येत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि त्याच पवईच्या आवारातल्या समीर या संशोधन संस्थेतले के. पी. रे यांचे ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप, म्हणजे रुंद पट्ट्याच्या छापील अँटेनांवरचे पुस्तक २००३ साली परदेशातून प्रसिद्ध झाले. त्यात वर्तुळाकार ध्रुवणाला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पॅचवर काम करणारे विद्यार्थी ते जगभर चाळतात.

अनेक पॅच एकत्र वापरून वर्तुळ सुधारण्याची एक रीत गाडीवरच्या अँटेनांमुळे पुढे आली. १९८०च्या दशकात नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी चालत्या वाहनातून उपग्रहाशी बोलण्याच्या प्रकल्पावर काम करत होती. तिथल्या जॉन हुआंग यांनी १९८६ साली दाखवले, की चार साधे रेषीय पॅच चौकात मांडून प्रत्येक पुढचा पॅच पाव वळणाने फिरवला आणि संदेशही तेवढ्याच पावलांनी मागे ठेवला, तर चौघे मिळून वर्तुळाकार लहर सोडतात. एकट्याची चूक शेजारी भरून काढतो. आज उपग्रहाशी बोलणाऱ्या कित्येक सपाट अँटेनांत हीच मांडणी आहे.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी वर्तुळाकार ध्रुवणाचा पॅच नकळत हाताळलाही आहे. वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये गेला. त्याच्या रेडिओबरोबर एक सपाट अँटेना मिळे, तो खिडकीत आकाशाकडे तोंड करून ठेवावा लागे. ‘गंधर्व’ वाहिनीवरचे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत त्या तुकड्यातून चोवीस तास घरात येई. २००९ च्या अखेरीस भारतातले ते प्रसारण थांबले, आणि अनेक श्रोत्यांनी ते यंत्र आजही जपून ठेवले आहे.

सध्या या अँटेनांची सर्वांत मोठी मागणी वाहनांकडून आहे. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या व्यावसायिक वाहनांना नाविकवर चालणारे ट्रॅकर सक्तीचे झाले. नाविकच्या मूळ उपग्रहांचे संदेश ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झवर येतात. जीपीएसचा पॅच त्यांना बहिरा असतो, त्यामुळे दोन मापांचे दोन पॅच एकावर एक रचावे लागतात; मोठा खाली, छोटा वर. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून इस्रोने जीपीएसच्याच १५७५.४२ वर तिसरा संदेश सुरू केला. अँटेनाच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा आहे, कारण फोनमधला किंवा घड्याळातला आधीचाच अँटेना आता नाविकही ऐकू शकतो.

फोनमध्ये मात्र सहसा असा पॅच नसतो. तिथे कडेच्या धातूच्या पट्टीलाच रेषीय अँटेना करतात. फोन खिशात उलटा, हातात आडवा, कानाला उभा असतो, आणि आत बॅटरी-कॅमेऱ्याच्या गर्दीत २५ मिमीची फरशी मावत नाही. रेषीय अँटेना फिरत्या लहरीतली निम्मीच शक्ती घेतो आणि भिंतीवरून उसळलेली लहरही ओळखत नाही. जमीन मोजणीच्या यंत्रावर घुमटाखालचा मोठा वर्तुळाकार अँटेना लागतो, तो याच कारणाने. मोबाइलच्या मनोऱ्यांवरही वर्तुळाकार नव्हे, तर ४५ अंशांनी तिरके केलेले दोन रेषीय अँटेना एकत्र बसवण्याची पद्धत आहे. फिरणाऱ्या लहरीचे खरे राज्य उपग्रहाशी होणाऱ्या बोलण्यात आहे.

वर्तुळ किती गोल आहे, हे पाहण्याची प्रयोगशाळेतली पद्धत सोपी आहे. समोर एक रेषीय अँटेना ठेवून तो स्वतःभोवती फिरवायचा आणि मिळणारा संदेश किती वरखाली होतो ते टिपायचे. चढउतार तीन डेसिबलच्या आत राहिला तर काम जमले. अभियांत्रिकी महाविद्यालयातही हे करता येते. फिरकी तपासताना मात्र सावध राहावे. बोर्डाचे चित्र मागच्या बाजूने छापले गेले, तर छाटलेले कोपरे आरशातल्यासारखे दुसऱ्या कर्णावर जातात आणि उजवा अँटेना डावा होऊन बसतो. गूनहिलीची चूक आजही अशी एका चुकीच्या फाइलने घडू शकते.

शिवाय मोजणी टेबलावरच संपत नाही. पॅचखालचा धातू लहान असला तर क्षितिजाजवळच्या उपग्रहांसाठी वर्तुळ चेपते. वर प्लास्टिकचे झाकण आले की वारंवारता खाली सरकते. काचेवर धातूची फिल्म असली तर संदेशच अडतो. वाहनासाठी अँटेना बनवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा तरी झाकणासकट गाडीच्या पत्र्यावर ठेवून पुन्हा मोजावा, आणि कोपऱ्यांचे अंतिम माप त्या मोजणीनंतरच ठरवावे.